काकांच्या पेट्या आणि हजार डॉलर्सचा हिशोब

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातल्या एका काकांनी घर विकले. मुले लांबच्या गावी गेली, गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा चार बेडरूमचे घर सोडून लहानशा कॉन्डोत जायचे ठरले. सामान आवरायला आम्ही तीन-चार जण गेलो होतो. बेसमेंट माझ्या वाट्याला आले. तिथे एका भिंतीला व्हिडिओ कॅसेट्सची खोकी आणि त्यांच्या शेजारी जाडजूड पेट्यांची रांग: 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन', सातही सीझन, डीव्हीडीवर.

पेट्या गराज सेलच्या टेबलावर मांडल्या आणि काकांना विचारले, किंमत काय लावू? काका म्हणाले, "अरे, सगळ्या मिळून हजार डॉलर्सच्या आसपास गेले होते माझे. तूच बघ." मी इंटरनेटवर जुन्या सेट्सचे भाव पाहिले आणि म्हटले, "पन्नास मागून बघू." काका समोरच्या खुर्चीत बसलेच. "म्हणजे मला लुटले की काय रे त्यांनी?" आतून काकूंचा आवाज आला, "मी तेव्हाच सांगत होते!"

या पानावर आपण मॉर्गेज, कॉलेजचा खर्च, निवृत्तीची पुंजी यांवर नेहमी वाचतो. करमणुकीचा खर्च मात्र कोणी वहीत मांडत नाही. काकांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे म्हणून मी तो मांडून पाहिला.

आधी थोडी यंत्राची बाजू. घरगुती व्हीएचएस कॅसेटवर चांगल्या प्रतीचे चित्रण हवे असेल तर दोन तास मावतात. चित्रपटाला तेवढे पुरते. पण मालिकेचा एक भाग जाहिराती वगळून पंचेचाळीस मिनिटांचा, म्हणजे एका कॅसेटवर दोनच भाग. 'नेक्स्ट जनरेशन'चे भाग १७८. ही मालिका अख्खी विकत घ्यायची म्हणजे घरात कपाट आणि दुकानात भिंतच हवी. त्यामुळे कॅसेटच्या काळात मालिका एक-दोन भागांच्या सुट्या कॅसेट्समधूनच विकल्या जात. १९९७ साली अमेरिकेत डीव्हीडी आली. तिच्या दोन थरांच्या तबकडीवर साडेआठ गिगाबाइट्स मावतात. सेकंदाला पाच मेगाबिट्स धरले तर पंचेचाळीस मिनिटांच्या भागाला साधारण १.७ गिगाबाइट्स लागतात, म्हणजे एका तबकडीवर चार-पाच भाग आरामात. पूर्ण सीझन सहा-सात तबकड्यांत बसला! तरी कंपन्यांना जुनी सवय सुटेना. 'स्टार ट्रेक'ची १९६०च्या दशकातली पहिली मालिका १९९९ पासून डीव्हीडीवर आली तीही दोन-दोन भागांच्या चाळीस सुट्या तबकड्यांत. पुढे २००४ मध्ये तीच मालिका सीझनच्या पेट्यांत निघाली, तेव्हा चाळीस तबकड्या जमवणाऱ्यांनी काय म्हटले असेल ते छापण्याजोगे नसावे.

पूर्ण सीझनची पेटी खऱ्या अर्थाने रुजवली 'द एक्स-फाइल्स'ने. मे २००० मध्ये तिचा पहिला सीझन आला: चोवीस भाग, सात तबकड्या, छापील किंमत १४९.९८ डॉलर्स. काही वर्षांनी तोच सीझन साध्या पातळ पेटीत सुमारे शंभर डॉलर्सनी स्वस्त मिळू लागला. 'नेक्स्ट जनरेशन'चे सातही सीझन २००२ या एकाच वर्षात निघाले, प्रत्येकी १३९.९९ डॉलर्स. सातांचे झाले सुमारे ९८०. काकांची आठवण पक्की होती.

आता तबकडी छापायला एवढे पैसे लागतात का? अजिबात नाही. २००७ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. तेव्हा मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. त्या वेळच्या भावाने ३४ रुपये म्हणजे एक डॉलरही नव्हे. होस्टेलवरच्या आम्हा पोरांना पायरेटेड तबकडी घेण्यात काही अर्थच उरला नाही. (पुढे ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला, तेव्हा फार स्वस्त विकणे हाही काही सुखाचा मार्ग नव्हे. अर्थात तिच्या अडचणी फक्त तबकड्यांच्या नव्हत्या.)

मग १४० डॉलर्स कशाचे? काही भाग लेखक-कलाकारांच्या मानधनाचा, काही दुकानदाराचा, काही संगीताच्या हक्कांचा. हे संगीताचे प्रकरण मोठे गमतीचे आहे. मूळ प्रक्षेपणासाठी गाणे वापरायची परवानगी घेतलेली असली तरी ती घरगुती व्हिडिओला लागू होतेच असे नाही. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ स्टेशनवरची विनोदी मालिका. तिचा पहिला सीझन २००७ मध्ये डीव्हीडीवर आला तो बरीचशी मूळ गाणी बदलून. बहुतेक गाणी परत मिळाली ती २०१४ च्या आवृत्तीत. 'द वंडर इयर्स' तर गाण्यांपायीच २०१४ पर्यंत रखडली होती. म्हणजे पूर्ण किंमत मोजूनही हातात मूळचाच माल पडेल याची खात्री नसते.

पण मोठा हिस्सा यातल्या कशाचाच नाही. तो उतावीळपणाचा आहे. हापूसची पहिली पेटी बाजारात येते तेव्हा तिचा भाव काय असतो आणि मेच्या मध्यावर काय असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. झाड तेच, आंबा तोच. ज्याला राहवत नाही त्याच्याकडून आधी जास्त घ्यायचे, मग उरलेल्यांसाठी भाव उतरवायचा. आंब्याच्या बाबतीत निदान सुरुवातीला आवक कमी असते. तबकडीला तीही सबब नाही, हवी तेवढी छापता येते. माझ्या मते पहिल्या वर्षातली पेटीची किंमत रास्त नव्हती, आणि काकांनी सातही पेट्या पहिल्याच वर्षात घेतल्या होत्या.

आता दुसरी बाजू. १७८ भाग गुणिले पंचेचाळीस मिनिटे म्हणजे साधारण १३३ तास. ९८० डॉलर्सना भागले तर तासाला सुमारे सात डॉलर्स पस्तीस सेंट्स. २००२ मध्ये अमेरिकेत सिनेमाच्या तिकिटाची सरासरी किंमत ५.८१ डॉलर्स होती, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला तासाला तीन डॉलर्सही पडत नव्हते. एकट्याने एकदाच पाहायला घेतले असते तर काका साफ बुडाले असते. पण त्यांच्याकडे दर शुक्रवारी रात्री काका आणि दोन्ही मुले सोफ्यावर. सगळे सीझन निदान दोनदा झाले. तीन माणसे, दोन वेळा: माणशी तासाला सव्वा डॉलर. सिनेमाच्या निम्म्याहून कमी, पॉपकॉर्न घरचे. काकूंना मी हिशोबात धरले नाही, कारण त्यांचे म्हणणे असे की त्या कधीच पाहत नव्हत्या. (मुलाने फोनवर वेगळे सांगितले.)

यावर काका स्वतःच म्हणाले, "पण हे सगळे टीव्हीवर फुकट लागत होते ना!" खरे आहे. १९८७ ते १९९४ ही मालिका स्थानिक चॅनेल्सवर दिसे आणि घरी रेकॉर्ड करून नंतर पाहणे कायदेशीर आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले होते. काकांच्या खोक्यांत तशा रेकॉर्ड केलेल्या कॅसेट्सही निघाल्या, जाहिरातींसकट, वर काकूंच्या अक्षरात मराठी लेबले. तेव्हा पाहायला कधीच मिळाले नव्हते असे नाही. पैसे गेले ते सोयीसाठी.

त्याच खोक्यांत खाली 'रामायण' होते. रामानंद सागरांची ७८ भागांची ही मालिका दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये लागली, तेव्हा काका इथे नवीन होते. भारतातून कोणी कॅसेट आणली तरी इथल्या व्हीसीआरवर ती नीट दिसत नसे, कारण तिकडची पाल पद्धत ६२५ ओळींची आणि इथली एनटीएससी ५२५ ओळींची. मग इंडियन ग्रोसरीवाल्याकडून एनटीएससीवर उतरवलेली प्रत घ्यायची, जी बहुधा प्रतीची प्रत असे. रंग उडालेले, आवाज खरखरीत. त्याला काय दिले ते काकांना आठवत नाही. आठवते एवढेच की त्यांची आई सहा महिन्यांसाठी आली होती, बाहेर हातभर बर्फ, शेजारी बोलायला कोणी नाही, आणि दुपारी एक वाजता ती नऊवारी सावरून, चप्पल काढून टीव्हीसमोर बसे. तासाला किती पडले हे मी तिथे विचारले नाही.

आजचा तरुण वाचक म्हणेल, आता पेट्या कशाला, स्ट्रीमिंग आहे की. आहे, पण तिथे आपण भाडेकरू. 'फ्रेंड्स' २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सवरून गेली, 'द ऑफिस' त्याच वर्षाअखेरीस. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवले की त्यांनी 'विकत घेतलेले' डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकले जातील. ओरड झाली, नवा करार झाला आणि ते टळले. 'विकत घ्या' असे बटण दाखवून प्रत्यक्षात फक्त परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. तबकडीचे तसे नाही. अमेरिकन कॉपीराइट कायद्याच्या १०९व्या कलमाप्रमाणे एकदा विकत घेतलेली प्रत तुम्ही विकू शकता, उसनी देऊ शकता, आहेरात देऊ शकता. सार्वजनिक ग्रंथालयातल्या डीव्हीडी याच आधारावर आपल्याला फुकट मिळतात.

म्हणून माझा सल्ला असा. मालिका आधी ग्रंथालयातून आणून पाहा. दुसऱ्यांदा पाहावीशी वाटली तरच घ्या, तीही जुनी किंवा निदान दोन वर्षे थांबून. भारतातून मागवत असाल तर रीजन तपासा. अमेरिकेचा एक आणि भारताचा पाच, इथल्या साध्या प्लेअरवर ती चालणार नाही. आणि घरात व्हीएचएस कॅसेट्स असतील तर लग्न-मुंजीच्या आधी डिजिटल करून घ्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिने २०१६ मध्येच उत्पादन बंद केले. मालिका पुन्हा मिळेल, तुमच्या मुलीचे बारसे मिळणार नाही.

गराज सेलला दुपारी एक कॉलेजचा मुलगा आला आणि सात पेट्यांचे चाळीस डॉलर्स द्यायला तयार झाला. तेवढ्यात काकांनी तिसरा सीझन हळूच उचलून खुर्चीखाली ठेवला. सेट फुटला म्हणून मुलाने पंचवीस दिले. काकूंनी ते मोजून घेतले.