आभाळातला निरोप

(इयत्ता सातवी)



पावसाळ्यात आपली एस.टी. ओढ्याकडे निघाली की समोरून येणारा ड्रायव्हर हात बाहेर काढून सांगतो, "फरशीवरून पाणी चाललंय, जाऊ नका." आपला ड्रायव्हर गाडी तिथंच उभी करतो. मला प्रश्न पडला, आभाळात हा निरोप कोण देतं?

त्याचे उत्तर असे. विमानतळावर नियंत्रक असतात. ते रेडिओवरून वैमानिकांशी बोलतात आणि कुणी केव्हा उतरायचे ते सांगतात. पाऊस कुठे आहे ते त्यांना रडारवर दिसते, पण विमानाला बसणारे गचके प्रत्येक वेळी दिसत नाहीत. ते कळतात तिथून नुकत्याच गेलेल्या वैमानिकाला. म्हणून त्याने खाली सांगायचे आणि नियंत्रकाने मागून येणाऱ्यांना सांगायचे, अशी रीत आहे.

आता धोका कसला ते सांगतो. एक प्रयोग करा. (आईला विचारून करा. मी न विचारता केला, बोलणी खाल्ली.) बादलीभर पाणी उंचावरून अंगणात ओता. पाणी खाली आपटतं आणि चारी बाजूंना पसरतं. गडगडाटी ढगातली थंड हवा कधीकधी अशीच धाडकन खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. उतरणारे विमान त्यात शिरले की आधी समोरून जोराचा वारा लागतो. पंखांना जास्त उचल मिळते, विमान वर जाते. वैमानिकाला वाटते, जोर जास्त झाला, म्हणून तो कमी करतो. लगेच वरची हवा खाली दाबते आणि मग वारा मागून येतो. मागचा वारा शिडाच्या होडीला चांगला, पण उतरणाऱ्या विमानाला वाईट. पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग एकदम घटतो आणि विमान खाली बसू लागते. उंचावर असले तर सावरायला जागा असते. जमिनीजवळ ती नसते.

२४ जून १९७५ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर असेच झाले. दुपारी चारच्या सुमारास विमाने उतरण्याच्या वाटेवरच वादळी ढग आला होता. एक मालवाहू विमान कसेबसे उतरले. त्याच्या वैमानिकाने नियंत्रकाला बजावले, की इथे वारा भलताच बदलतो आहे, धावपट्टी बदला. नियंत्रकाने यंत्राकडे पाहिले. यंत्रावर वारा सरळ आणि बेताचा! यंत्र खोटे नव्हते, पण ते विमानतळावर होते आणि वादळ विमानतळाच्या अलीकडे. मग आणखी एका विमानाने उतरणे सोडून दिले, ते पुन्हा वर गेले आणि त्यानेही तसेच कळवले. त्यामागची दोन विमाने मात्र उतरली. त्यामुळे सगळ्यांना धीर आला असावा, असे मला वाटते.

मग ईस्टर्न कंपनीचे ६६ क्रमांकाचे विमान आले. परत फिरलेल्या वैमानिकाचे बोलणे त्यांनी रेडिओवर ऐकले होते. तरी धावपट्टी तीच राहिली. विमान धावपट्टीच्या आधीच दिव्यांच्या खांबांना धडकले. १२४ पैकी ११३ माणसे गेली. पहिल्या इशाऱ्याला दहा मिनिटेसुद्धा झाली नव्हती. एवढी वादळाची लक्षणे दिसत असताना तीच धावपट्टी चालू ठेवली, हेही एक कारण चौकशीत नोंदले गेले.

या अपघाताचा अभ्यास तेत्सुया फुजिता या मूळच्या जपानी शास्त्रज्ञांनी केला. नागासाकीवर अणुबाँब पडल्यानंतर त्यांनी तिथली पडझड चांदणीसारखी बाहेरच्या बाजूला पसरलेली पाहिली होती. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या वादळानंतर विमानातून पाहताना त्यांना जंगलातली झाडेही तशीच आडवी दिसली. हवा वरून आपटते, असे ते म्हणू लागले. आधी पुष्कळांना पटले नाही. पुढे रडारने मोजून ते खरे ठरले. मग विमानतळाच्या सभोवती वारा मोजणारी यंत्रे बसली, आणि नंतर खास रडारही आले.

वैमानिकाचा निरोप थोडक्यात असतो: कुठे, किती वाजता, किती उंचीवर, विमान कोणते आणि काय झाले. विमान कोणते हे कशाला, असे मला वाटले होते. पण छोट्या विमानाला गदागदा हलवणारी हवा जंबोला फारशी जाणवत नाही, म्हणून ते सांगावेच लागते. गारा, पंखांवर धरणारा बर्फ, ज्वालामुखीची राख, सगळे कळवायचे असते. मोठ्या धोक्याच्या सूचना हवामान कार्यालये काढतात. आपल्या मुंबईतूनही त्या निघतात.

पण सांगणाऱ्याला सांगावेसे वाटले पाहिजे ना! २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेतच डॅलसला एक छोटे जेट विमान ढगाखालच्या पावसातून सुखरूप उतरले. त्याने काहीच कळवले नाही. मागून आलेले डेल्टा कंपनीचे मोठे विमान त्याच ढगाखाली कोसळले आणि १३७ माणसे मेली. पुढे छोट्या विमानाच्या वैमानिकाला विचारले, का सांगितले नाही? तो म्हणाला, फक्त जोराचा पाऊस लागला, सांगण्यासारखे दुसरे काही नव्हते.