लाटेची दिशा आणि लोखंडाचा पासंग

भिवंडीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये होकायंत्र नेले, तर तिथल्या लोखंडाच्या ओढीने काटा उत्तर सोडून भलतीकडे झुकेल. मागवाल्याचे त्याने काही बिघडत नाही. पण या गावाची कामवारी नदी ज्या समुद्राला खाडीवाटे मिळते, त्या अरबी समुद्रात लाटा मोजणाऱ्या बोयाची भिस्त होकायंत्रावरच असते.

रत्नागिरीजवळ असे बोये नांगरून मोजणी झाली आहे. बोया लाटेबरोबर वरखाली होतो, झुलतो. पोटातली उपकरणे ते टिपतात आणि होकायंत्र सांगते, झुलला तो कोणत्या दिशेला. उंचीची तपासणी सोपी. जत्रेतल्या पाळण्यासारख्या चक्रावर बोया बसवून फिरवायचा. चक्राचा व्यास आणि फेरीची सेकंदे ठाऊक, म्हणजे उत्तर आधीच हातात!

दिशेचे प्रकरण नाजूक. बोया ठाऊक दिशेला रोखायचा, थोडाथोडा वळवत पूर्ण प्रदक्षिणा घालायची आणि दर वेळी फरक लिहायचा. जवळपास मोटार नको, सळ्या नकोत, खिशात किल्ल्यांचा जुडगाही नको.

हा सोवळेपणा आपल्याकडे जुना आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचे नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांचे काम अलिबागला हलवले. लोखंड टाळून, पोरबंदरी दगडात बांधलेली तिथली वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. तरी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडचे वेध ताडून पाहिले. ट्राम धावली १९०७ मध्ये. इतकी दूरदृष्टी सरकारी कामात क्वचितच दिसते.

एवढी दगदग कशासाठी? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, अरबस्तानातल्या ‘शमाल’ वाऱ्यांनी उठलेल्या लाटा पार रत्नागिरी-गोव्यापर्यंत येतात. त्या वायव्येकडून येतात. नुसत्या उंचीवरून हा पाहुणा ओळखू आला नसता. शिवाय लाट किनाऱ्याला कोणत्या बाजूने तिरकी भिडते, त्यावर वाळू उत्तरेला सरकणार की दक्षिणेला, हे ठरते. जवळजवळ सरळ येणाऱ्या लाटेत चार-पाच अंशांच्या चुकीनेही हे उत्तर उलटते आणि त्या भरवशावर बांधलेल्या बंधाऱ्याच्या नको त्या बाजूची पुळण खचू लागते.

म्हणून बॅटऱ्या बदलायला बोया बाहेर काढला की दिशा पुन्हा तपासलेली बरी. नव्या बॅटरीचे पोलादी कवचही होकायंत्राला चकवू शकते.