कात्रजचे सख्खे शेजारी

पुण्याला प्राण्यांचा शौक पेशवाईपासूनचा. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचं गंगाराम तांबट यांनी १७९० साली काढलेलं चित्र आजही पाहायला मिळतं. पुढे १९५३ साली महापालिकेने सारसबागेशेजारी पेशवे पार्क उघडलं. पुणेकरांच्या दोन पिढ्यांनी पहिला वाघ पाहिला तो तिथल्या गजांआड.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ साली सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी हळूहळू इकडे आले. सुमारे १३० एकरांचा परिसर, त्यात मोठा तलाव. मोठ्या प्राण्यांभोवती गजांऐवजी खंदक. भर भारतीय प्राण्यांवर : वाघ, गवा, अस्वल, नीलगाय, सांबर, काळवीट. रविवारी सगळी गर्दी पांढऱ्या वाघाकडे धावते. पण या जागेचं मूळ वाघात नाही, सापांत आहे.

प्राणिसंग्रहालयाच्या आधी, १९८६ साली, इथे सर्पोद्यान उभं राहिलं. त्यामागे होते नीलिमकुमार खैरे. १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका खोलीत राहून त्यांनी विक्रम केला होता. साप उगाच अंगावर येत नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. दिसला साप की घे काठी, ही आपली जुनी रीत. तिला उत्तर म्हणून हे उद्यान आलं.

इथे वेळ द्यावा तो मण्यारीला. काळा-निळसर चकचकीत अंग, त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. मानेपाशी ते नसतात किंवा पुसट असतात. शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचं नेमकं उलटं : पट्टे मानेपासून ठळक, शेपटीकडे विरळ. या गफलतीत कवडे हकनाक मारले जातात, आणि कधी मण्यारीला कवड्या समजून कुणी हात घालतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही जेमतेम. म्हणून दवाखान्यात जायला उशीर होतो आणि तोच जिवावर बेततो.

घोणशीचंही तसंच. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिटीसारखा फूत्कार, तरी लोक तिला अजगराचं पिल्लू समजतात. फुरसं वीतभर-हातभर, पण खवल्यांवर खवले घासून करवतीसारखा आवाज काढतं. नाग धरून हे चौघे विषारी सापांतले ‘बिग फोर’. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष याच चौघांच्या विषापासून बनतं.

जिराफ पाहून मूल हरखतं, पण जिराफ त्याच्या परसात कधी येणार नाही. मण्यार येते. धामण तर शेतात हवीच. ती उंदीर खाते. आपल्याच मुलखातले प्राणी मांडणाऱ्या संग्रहालयाचा खरा उपयोग हा : इथलं पाहिलेलं घरी कामाला येतं.

तेव्हा कात्रजला जाल तेव्हा सकाळी लवकर निघा. वाघाच्या आधी सर्पोद्यान गाठा, मुलांना पट्टे मोजू द्या. पुढे कधी न्हाणीघरात साप निघाला आणि ओळख पटली नाही, तर लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि सर्पमित्राला फोन करा. काठी कोपऱ्यातच राहू द्या.