बाजारातील जागेचे न्याय्य भाडे



आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची चूल बाजाराच्या जोरावर पेटते. कोणी मिरची-मसाला विकतो, कोणी चपला, कोणी जुने कपडे. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी भगिनीही पाटी घेऊन त्याच रांगेत बसतात. माल खपो अगर न खपो, जागेचे पैसे चुकत नाहीत. ते किती असावेत, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

सार्वजनिक बाजारात गाळा, ओटा आणि उघडी जमीन अशा तीन तऱ्हेच्या जागा असतात. गाळ्याला अनामत, करारनामा व मासिक भाडे असते. जमिनीवर बसणाऱ्याला फक्त त्या दिवसाची पावती. गरिबाला स्वस्त पडते, असे आपण समजतो. आम्ही एक साधा हिशेब मांडतो. समजा, 100 चौरस फुटांच्या गाळ्याचे भाडे महिना 1000 रुपये आहे. म्हणजे चौरस फुटाला दिवसाचे सुमारे 33 पैसे. आता 16 चौरस फूट जागेत बसणारी बाई बाजाराच्या दिवशी 20 रुपये देते असे धरा. तिला चौरस फुटाला सव्वा रुपया पडला, म्हणजे गाळेवाल्याच्या जवळजवळ चौपट! तिच्या डोक्यावर ना छप्पर, ना हाताशी पाण्याचा नळ. दिवसाची कमाई दीडशे रुपये असेल, तर त्यातले वीस उन्हात बसण्याचेच गेले.

हा बोजा वाढतो तो वसुलीच्या ठेक्यामुळे. बाजार फी वसूल करण्याचा लिलाव जेथे होतो तेथे जास्त बोली बोलणारा आपली रक्कम नफ्यासह काढणारच. गाळेवाला भांडू शकतो, पाटीवाली भांडू शकत नाही. म्हणून ठेकेदाराचा हात तिच्याकडे आधी वळतो. दरफलक आणि रकमेचा आकडा असलेली पावती, एवढ्या दोन गोष्टींनीही पुष्कळ फरक पडतो.

मग भाडे कमीत कमी ठेवावे काय? आमचे मत तसे नाही. झाडलोट, दिवाबत्ती, मुतारी ह्यांचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे. शिवाय वर्षानुवर्षे न वाढलेले भाडे गरिबाच्या हाती राहत नाही. मूळ गाळेधारक चौपट दराने पोटभाडेकरू ठेवतो आणि घरी बसून खातो. आपल्यापैकी कोणी असे करीत असेल, तर त्याने सम्यक आजीविकेचा अर्थ स्वतःला विचारावा.

वेळेवर फेरआकारणी झाली नाही म्हणजे काय होते, हे शेजारच्या जळगावने पाहिले आहे. तेथील महापालिकेच्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत 2012 साली संपली. नवे भाडे रेडी रेकनरच्या हिशेबाने काढल्यावर थकबाकीचे आकडे लाखांत गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले. 2019 च्या राज्य नियमांनी महापालिकांच्या मालमत्तेचे भाडे बाजारमूल्याच्या 8 टक्के धरले. व्यापाऱ्यांनी ओरड केली, आणि 2023 मध्ये तो दर एक टक्क्याच्याही खाली आणावा लागला. दर तीन वर्षांनी थोडी थोडी वाढ झाली असती, तर दोन्ही टोके टळली असती. मोठ्या दुकानाला बाजारमूल्याचा आधार चालेल. पाटीवालीला तिच्या दिवसाच्या कमाईचाच आधार हवा.

साक्रीत आता ग्रामपंचायतीऐवजी नगरपंचायत आहे. त्यामुळे 2014 चा पथविक्रेता अधिनियम येथे लागू होतो. त्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत. त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींनाही प्रतिनिधित्व हवे. परंतु विक्रेत्याचे प्रमाणपत्र मुख्यतः सर्वेक्षणातील नावावर मिळते. आपल्या किती जणांची नावे यादीत आहेत, हे आधी पाहावे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली बाजार फीचा ठराव, दरपत्रक आणि ठेका असल्यास त्याच्या कराराची प्रत मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात. मग एका बाजाराच्या दिवशी वही-पेन घेऊन फिरावे आणि प्रत्येक पावतीवरचा आकडा त्या दरपत्रकाशी ताडून पाहावा.