मत्स्यपालन : जखम कातडीवर, नुकसान रक्तात

कापड, किराणा, लाकूड अशा जुन्या धंद्यांत मुरलेले आपले कित्येक व्यापारी बांधव अलीकडे शेततळ्यातील मत्स्यपालनात पैसा लावू लागले आहेत. कारोबार वाईट नाही. रोहू, कटला, मृगळ यांना गिऱ्हाईक कायम असते. परंतु दुकानातील ठाणाचा डाग उजेडात लगेच दिसतो, येथे मात्र सारा माल पाण्याखाली असतो. म्हणून पैसा लावणाऱ्याने माशांच्या एका रोगाची ओळख आधीच करून घ्यावी, असे आम्हास वाटते.

रोग कोणता?

एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जिवाणू या रोगाचे एक मोठे कारण आहे. तो बहुतेक गोड्या पाण्यात असतोच. मासा सशक्त असेपर्यंत त्याचे काही चालत नाही. तळ्यात गर्दी झाली, उरलेले खाद्य तळाशी सडले, प्राणवायू घटला किंवा जाळे ओढताना खवले निघाले, की त्याला वाट मिळते. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर घाण जिरवायला मातीच नसते.

सुरुवातीस पोटावर व परांच्या मुळाशी लाल ठिपके दिसतात. मग खवले गळतात, कातडीवर जखमा होतात, परांच्या कडा झडतात. काही माशांचे पोट पाण्याने फुगते, डोळे बाहेर येतात. १९८८ साली भारतात शिरलेल्या व्रणरोगाच्या जखमाही अशाच दिसतात. पण त्याचे मूळ बुरशीत आहे. तेव्हा नुसत्या नजरेने निदान करू नये.

रक्तात काय घडते?

खरा घाटा येथे आहे. हा जिवाणू जे विष सोडतो, त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. पेशी घटल्या की हिमोग्लोबिन घटते आणि माशाला पंडुरोग जडतो. रोगाशी लढण्यासाठी पांढऱ्या पेशी बहुधा वाढतात. यकृत व मूत्रपिंडावरही मार बसतो.

व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा : प्राणवायू वाहून नेणारे हमालच कमी झाले. पहाटे तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी असा मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत राहतो. तो खाद्य घेत नाही, वजन धरत नाही. टाकलेले खाद्य पुन्हा तळाशी सडते आणि रोगाला खतपाणी मिळते. म्हणजे खर्च चालू, वाढ बंद. मेलेले मासे तरंगू लागतात तेव्हा नुकसान पुष्कळ पुढे गेलेले असते.

रक्ताची तपासणी शेपटीजवळील शिरेतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत होते. पण एक सोपी पारख तळ्यावरच करता येते. माशाचा कल्ला उचलून पाहावा. निरोगी कल्ला लालभडक असतो. फिका पडला असेल तर सावध व्हावे.

उपाय आणि खबरदारी

दर पंधरवड्यास जाळे टाकून दहा-वीस मासे तपासावेत. बोटुकली खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावी, स्वस्त मिळते म्हणून जास्त सोडू नये. खाद्य भुकेपुरते द्यावे. शक्य तेवढे पाणी बदलावे. प्राणवायू दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास राहील हे पाहावे. मेलेला मासा लगेच काढून चुना टाकून पुरावा. चुना आणि पोटॅशियम परमँगनेट उपयोगी आहेत, पण त्यांचे प्रमाण पाण्याचा कस तपासून जाणकारानेच ठरवावे.

दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविके ओतणे हा शुद्ध तोट्याचा सौदा आहे. जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि औषधाचा अंश माशात उरतो. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान ही औषधे तर खाण्याच्या माशांसाठी वापरण्यास बंदी आहे. त्यांचे अंश सापडल्यामुळे परदेशातून कोळंबीचा माल परत आल्याची उदाहरणे आहेत. सल्ल्यासाठी जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय खाते आहे. मुंबईत वर्सोवा येथे १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था काम करीत आहे.

मजुरांचाही विचार व्हावा. हा जिवाणू हातावरील जखमेतून माणसाच्या अंगात शिरू शकतो. रोगट मासा हाताळताना रबरी हातमोजे द्यावेत. त्याचा खर्च मोठा नाही.

शेवटी एक गोष्ट. रोग दिसताच रातोरात जाळे ओढून माल बाजारात ढकलण्याचा मोह होतो. ऐब झाकून विकलेला माल एकदा खपतो, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक त्या पाटीकडे फिरकत नाही. धंदा कापडाचा असो की माशांचा, साख एकदा गेली की ती कोणत्याही भावात परत मिळत नाही.