गिझर पेटतो, मग पाणी कोमट का?

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, “गॅसचा गिझर घेऊन दोन वर्षं झाली. पेटतोय, जाळ दिसतोय, सिलिंडरही भराभर संपतोय. पण शॉवरखाली उभं राहिलं की पाणी आपलं कोमटच. सासूबाई रोज म्हणतात, ह्याच्यापेक्षा आपला बंब बरा होता.”

बंबाचं नाव ऐकून आम्ही हसलो. मग ताई बोलता बोलता सहज म्हणाल्या, “पाणी गरम नाही, त्यात खिडकीतून वारं येतं. म्हणून मी खिडकीला गोणपाट ठोकून टाकलंय.”

आमचं हसू तिथंच थांबलं. गिझर न्हाणीघराच्या आतच आहे का, असं विचारलं. आतच होता. आम्ही म्हटलं, ताई, फोन ठेवा, ते गोणपाट आधी काढा आणि मग परत फोन लावा. असं का सांगितलं, ते पुढं येईलच. ताईंनी गोणपाट काढलं, पुन्हा फोन केला, आणि मग जे बोलणं झालं तेच आज तुमच्यासमोर मांडतोय. कारण त्यानंतर आणखी चारपाच जणींनी हीच तक्रार सांगितली.

आधी बंबाचं. बंबात पाणी साठलेलं असतं. ते तापेपर्यंत आपण थांबतो, वर चार शेणकुटं टाकतो. गॅसच्या गिझरमध्ये पाणी थांबतच नाही. तांब्याच्या नळीतून धावता धावता जेवढं तापेल तेवढं तापतं. म्हणजे जाळ तेवढाच असला तरी पाणी जोरात सोडलं तर ते कमी तापणार आणि हळू सोडलं तर जास्त. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

हिशोब करून बघू. आपल्याकडचे बहुतेक गिझर ‘६ लिटर’चे असतात. काहींना वाटतं, आत ६ लिटर पाणी मावतं. तसं नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी गेलं तर ते साधारण २५ अंशांनी तापवायची त्याची ताकद असते. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी २८ अंश असलं तर ते ५० च्या वर जातं, हात भाजतो. पौषात पहाटे टाकीतलं पाणी १५ अंशांवर आलं, तर त्यात २५ मिळवून झाले ४०. गार पाइपातून येऊन, शॉवरच्या बारीक धारा होऊन अंगावर पडेपर्यंत त्यातले दोनतीन अंश आणखी जातात. आपलं अंगच ३७ अंश असतं, मग ते पाणी कोमट लागेल नाहीतर काय! गिझर बिघडलेला नाही, पाणी गार आहे.

आता बादली घ्या. १५ लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली तर पाणी मिनिटाला ६ लिटर येतंय. दीड मिनिटात भरली तर १० लिटर येतंय, तेवढं तापवणं त्या जाळाच्या आवाक्यात नाही. गिझरवरचं पाण्याचं बटण फिरवून धार बारीक करा. बादलीला चारएक मिनिटं लागू द्या. तोच जाळ, तेवढाच गॅस, पण थंडीतलंही पाणी पन्नाशीला जातं. आधी हातावर घेऊन बघा, मगच लेकराच्या अंगावर घाला. बहुतेक गिझरवर उन्हाळा-हिवाळ्याचंही एक बटण असतं, त्यानं जाळ लहानमोठा होतो. ते उन्हाळ्यावर राहून गेलेलं असतं आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. आमच्यातल्या एकीच्या घरी पूर्ण दिवाळी तशीच गेली, अभ्यंगस्नान कोमट पाण्यानं झालं आणि शिव्या खाल्ल्या गिझरनं.

आणखी एक गोष्ट, बोअर असलेल्या घरांसाठी. रात्रभर टाकीत बसलेलं पाणी गारठतं, पण थंडीत बोअरमधून नुकतं उपसलेलं पाणी त्यापेक्षा ऊबदार असतं, हाताला कळतंच. लाईट सकाळची असेल तर मोटर चालवून मग आंघोळी काढा. (लाईट रात्रीची असेल तर मात्र ह्याला इलाज नाही.)

काही जणी सांगतात, बादलीत पाणी कढत येतं, शॉवरलाच कोमट येतं. ह्यात गिझरची चूक कमी आणि उंचीची जास्त. गिझरमध्ये गॅस आपोआप सुरू होतो तो पाण्याच्या रेट्यानं. पाणी आलं की आतला रबराचा पडदा ढकलला जातो आणि गॅस सुटतो. रेटा कमी पडला की गॅस बंद. बादलीचा नळ जमिनीपासून दोन फुटांवर, शॉवर सात फुटांवर. टाकी घराच्या स्लॅबवरच टेकवलेली असेल तर शॉवरपर्यंत यायला पाण्याला फारसा रेटा उरत नाही. मग जाळ लागतो, विझतो, परत लागतो. अंगावर थोडं गरम, थोडं गार असं पाणी येतं आणि मिळून कोमट वाटतं. त्यात शॉवरच्या भोकांत पांढरा क्षार बसला असेल तर विचारूच नका. शॉवरची चाळणी फिरवून काढा, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. गिझरला पाणी आत जातं तिथं एक बारीक जाळी असते, तीही गाळानं भरते. पाण्याचा आणि गॅसचा कॉक बंद करून पाइपाचा नट सैल केला की ती हातात येते. वायसर हरवू देऊ नका, तेवढं सांभाळा.

गार पाणी मिसळायची सवयही इथं नडते. शॉवरला गरम आणि गार असे दोन कॉक असले की आपण गरम सोडतो, मग गार सोडतो. गार पाण्याचा रेटा जास्त असतो, ते गरम पाण्याला मागं ढकलतं, गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं आणि जाळ विझतो. म्हणून गॅसच्या गिझरला गार कॉक बंदच ठेवावा आणि कमीजास्त करायचं ते गिझरच्या बटणानं करावं. आणि गार कॉकचा वायसर झिजला असेल, तर तो बंद असूनही गार पाणी आत झिरपत राहतं. संशय आला तर गार पाण्याची लाईनच मागून बंद करून एकदा बघा.

सेलचं लगेच सांगतो. दोन मोठे सेल असतात, ते ठिणगीसाठी आणि गॅसची झडप उघडी धरण्यासाठी. सेल उतरले तर गिझर पेटत नाही किंवा मध्येच विझतो. जाळ लागलाय पण मंद आहे, ह्याला सेल कारण नसतात. बऱ्याच गिझरमध्ये वीसएक मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोयही असते. तो बिघाड समजू नका, ते बरंच आहे.

जाळच मंद असेल तर सिलिंडरकडे बघा. सिलिंडरात गॅस पातळ रूपात असतो आणि त्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्याच अंगातून घेतो. आपला गिझर शेगडीच्या चारपाच बर्नरांएवढा गॅस एकटा ओढतो. थंडीच्या पहाटे, सिलिंडर तळाला आलेला असताना, एवढा गॅस लवकर सुटत नाही. सिलिंडर बाहेरून घामेजतो, कधी पांढरा होतो. अशा वेळी तो आडवा करणं, हलवणं, गरम पाण्यात उभा करणं हे सगळं आपल्याकडं सर्रास चालतं. करू नका. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस थेट रेग्युलेटरमध्ये जातो आणि एकदम भडका होऊ शकतो. एकाच सिलिंडरवर नळीला फाटा मारून शेगडी आणि गिझर दोन्ही चालवत असाल, तर एकीकडं चहा आणि दुसरीकडं आंघोळ चालू असताना पाणी कोमट येणारच. शिवाय तो फाटा गॅसगळतीची जागा. गॅसचा वास आला तर कॉक बंद, दारंखिडक्या उघड्या, बटण एकही दाबायचं नाही आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

आता गोणपाटाकडे येतो.

ताईंना आम्ही विचारलं, जाळ कोणत्या रंगाचा आहे? त्या म्हणाल्या, पिवळा, वर वर जातोय, छान मोठा दिसतोय. मैत्रिणींनो, गॅसचा जाळ निळा हवा. पिवळा जाळ मोठा दिसतो पण त्याला हवा पुरत नसते. बर्नरमध्ये धूळ, कोळ्याचं जाळं साठतं, काजळी धरते. काजळी धरलेल्या पातेल्यात पाणी उकळायला किती वेळ लागतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. गिझरच्या तांब्याच्या पात्यांवर तीच काजळी बसते, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पाणी कोमट येतं. आणि त्याच अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. ह्या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो, कारण रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, पायातलं बळ जातं. बाईला वाटतं उपासानं झालं, बीपीनं झालं, अशक्तपणा आहे. ती खाली बसते आणि कडी काढायला उठूच शकत नाही. पोटुशी बाई असेल तर पोटातल्या बाळाला धोका आणखी मोठा.

बादलीच्या आंघोळीत आणि शॉवरच्या आंघोळीत इथंच फरक आहे. बादली भरून गिझर बंद करता येतो. शॉवरखाली आपण आहोत तोवर तो जळतच राहतो, त्याच बंद खोलीतली हवा खात. पाणी कोमट म्हणून आपण जास्त वेळ उभ्या राहतो, थंडी वाजते म्हणून खिडकी बुजवतो. हवा आणखी कमी झाली की जाळ आणखी पिवळा होतो, पाणी आणखी कोमट येतं.

गिझरची खरी जागा न्हाणीघराच्या बाहेर, भिंतीला, वर पत्र्याचा आडोसा करून, जिथं मोकळी हवा खेळते. आत यावा तो फक्त गरम पाण्याचा पाइप. जागा बदलेपर्यंत शॉवर विसरा. दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडी हवा जाऊ द्या, मग आत जा. झरोका आणि दाराखालची फट बुजवू नका. आत म्हातारं माणूस किंवा पोर असेल तर बाहेरून हाक मारत राहा.

कुणी आत पडलेलं सापडलं तर दार सताड उघडून, श्वास रोखून, आधी माणसाला ओढून उघड्यावर आणा. गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. तोंडावर पाणी मारत तिथंच बसू नका, त्या हवेत तुम्हीही पडाल. आणि दवाखान्यात गेल्यावर गॅसचा गिझर चालू होता हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. शुद्धीवर आली, बरी दिसतेय, म्हणून घरीच ठेवू नका.

बर्नर आणि तांब्याची नळी स्वतः उघडायची नाही, ते मेकॅनिकचं काम. त्याच्याकडून वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, काजळी झाडून घ्या. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर नळी आतूनही खपलीनं भरते, ती सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं धुऊन द्यायला सांगा. काम झाल्यावर त्याच्यासमोर गिझर पेटवा आणि जाळ निळा आहे का ते डोळ्यांनी बघा. फोनवरच्या ताईंकडं आधी एक जण येऊन गेला होता. त्यानं नुसते सेल बदलले, पैसे घेतले आणि गेला. जाळाकडं त्यानं बघितलंच नाही.

ताईंनी मग गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, गिझर बाहेरच्या भिंतीला घेतला, बर्नर साफ करून घेतला. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. आता सासूबाईंची नवी तक्रार आहे, पाणी फार कढत येतं. आम्ही सांगितलं, पाण्याचं बटण थोडं मोठं करा.