उपाशीपोटीचं इन्सुलिन

धंतोलीत सकाळी साडेसहाला रस्ता मोकळा असतो, पण पॅथॉलॉजी लॅबच्या पायऱ्यांवर चपलांची गर्दी झालेली असते. नागपुरात डॉक्टर म्हटला की धंतोली नाहीतर रामदासपेठ, त्यामुळे काटोल-सावनेरकडची माणसंही पहिल्या एसटीनं इथंच येतात. सगळे उपाशी असतात, निदान तसं सांगतात. काही सकाळी मी तिथं नुसता बसून होतो. काउंटरवरच्या ताईंचं पहिलं काम रक्त घेणं नसून उलटतपासणी घेणं आहे, हे लवकरच लक्षात आलं.

"रात्री किती वाजता जेवले?"

"नऊ-साडेनऊ."

"त्याच्यानंतर?"

"काहीच नाही."

"सकाळी चहा?"

"कोरा घेतला ना जी. त्यानं काय होते?"

एका काकांनी पाण्याशिवाय तोंडात काही गेलं नसल्याचं अगदी ठासून सांगितलं. ताईंनी त्यांच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं. "खर्रा आहे," काका म्हणाले, "खर्रा म्हंजे काही खाणं नाही ना!" त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, तेव्हा ते बरेच नाराज झाले. पण ताईंचं बरोबर होतं. खर्ऱ्यातल्या तंबाखूच्या निकोटिननं ॲड्रेनलिन वाढतं, ॲड्रेनलिन यकृतातली साखर रक्तात सोडायला लावतं, आणि मेंदूतली भूकही निकोटिन दाबून ठेवतं. पोट रिकामं असलं तरी असं शरीर उपाशी नसतं.

ताईंच्या ट्रेमध्ये पिवळ्या, जांभळ्या आणि करड्या टोपणांच्या नळ्या ठेवलेल्या असतात. पिवळी इन्सुलिनसाठी, जांभळी एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी, करडी साखरेसाठी, आणि भरण्याचा क्रमही हाच. करड्या नळीत फ्लोराइडची पूड असते. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी साखर खातच राहतात. साध्या नळीत तसंच ठेवलेलं रक्त तासाला पाच-सात टक्के साखर गमावून बसतं. ही पूड पेशींचं ते खाणं थांबवते, पण तिचा कण दुसऱ्या नळीत जाता कामा नये, म्हणून करडीचा नंबर शेवटी.

इन्सुलिनच्या नळीचं दुखणं निराळं. तांबड्या पेशींच्या आत इन्सुलिनचे तुकडे करणारं एक एन्झाइम असतं. दट्ट्या जोरात ओढला, सुई शिरेत नीट बसली नाही किंवा नळी खडखडा हलवली, की पेशी फुटतात, एन्झाइम बाहेर येतं आणि यंत्रावर पोचेपर्यंत इन्सुलिन कमी झालेलं असतं. रिपोर्टमध्ये खोटाच चांगला आकडा येतो आणि माणूस खुशीत घरी जातो. म्हणून एखाद्या आजीची शीर सापडत नसली, तर ताई घाई करत नाहीत. पट्टा सैल करतात, हात खाली सोडायला सांगतात, दोन शब्द बोलतात, मग पुन्हा चाचपतात. मागच्या खोलीतल्या महागड्या यंत्राबद्दल सगळे बोलतात, पण आकड्याचं खरंखोटं बरंचसं इथंच, त्या बोटांत ठरतं.

नळ्या अर्धा तास उभ्या ठेवायच्या, रक्त साकळलं की सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवायच्या. जेलच्या वर पिवळसर सीरम उभं राहतं. क्वचित ते दुधासारखं पांढुरकं निघतं, म्हणजे रक्तात चरबी फार आहे किंवा रात्रीच्या जेवणाची वेळ सांगताना थोडी सूट घेतलेली आहे. मे महिन्यात, पारा 45 च्या वर गेल्यावर, घरोघरी जाऊन रक्त आणणाऱ्या पोरांच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या जास्त लागतात. तेव्हा लॅबमधला माणूस पहिल्यांदा नळीची नव्हे, पिशवीची तपासणी करतो.

उपाशीपोटीचं इन्सुलिन ही खरं तर नेहमीच्या तपासण्यांमधली नाही. मधुमेहाचं निदान साखरेवर आणि एचबीएवनसीवर होतं, त्याला इन्सुलिन मोजावं लागत नाही. तरीही इथं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय येऊन "फास्टिंग इन्सुलिन करायचं आहे" असं सांगणारी माणसं भेटतात. शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, भिशीतल्या मैत्रिणी मिळून आलेल्या. हा एक हार्मोन लोकांच्या बोलण्यात कसा आला, त्याचं उत्तर याच शहरात आहे.

डॉ. श्रीकांत जिचकार नागपूरचे. स्वतः एमबीबीएस, एमडी, पुढे आयपीएस, मग आयएएस, ते सोडून 1980 मध्ये काटोलचे आमदार. पदव्यांच्या यादीमुळे ते दंतकथा झाले, पण त्यांचं आहारावरचं व्याख्यान त्या यादीपेक्षा जास्त घरांत पोचलं असावं. सूत्र साधं होतं: आपल्या खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच पोटभर जेवा, मधे काही खाऊ नका, कारण प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन सुटतं. 2 जून 2004 रोजी कोंढाळीजवळ मोटार अपघातात ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. हेच सूत्र डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे उचललं, श्रेय जिचकारांना देऊन महाराष्ट्रभर नेलं, जेवण 55 मिनिटांत संपवण्याची अट घातली आणि सुरू करण्याआधी एचबीएवनसी व फास्टिंग इन्सुलिन करून घ्या असं सांगितलं. ऋजुता दिवेकरांचा दर दोन तासांनी थोडं खाण्याचा सल्ला बरोबर उलट्या टोकाचा, त्यामुळे मध्यंतरी मराठी घरांत दोन पक्षच पडले होते. लॅबच्या बाकावर अजूनही ते पक्ष शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

मागच्या खोलीतलं यंत्र काय करतं, ते तिथल्या तंत्रज्ञानं दाखवलं. सीरमच्या थेंबात दोन प्रकारचे प्रतिपिंड घालतात. एक इन्सुलिनचा रेणू धरून ठेवतो, दुसरा त्याच रेणूच्या दुसऱ्या बाजूला चिकटतो आणि आपल्याबरोबर उजेड देणारं रसायन आणतो. बाकी सगळं धुऊन टाकलं की उरलेला उजेड मोजायचा. जास्त उजेड म्हणजे जास्त इन्सुलिन. रोज सकाळी रुग्णांच्या आधी ज्ञात प्रमाणाचे नमुने, म्हणजे कंट्रोल, चालवतात. ते रेषेत आले नाहीत तर एकही रिपोर्ट बाहेर जात नाही. केस गळू नयेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना दोन-तीन दिवस त्या थांबवून यायला सांगतात. बऱ्याच यंत्रांत रेणू पकडून ठेवायला बायोटिनचाच उपयोग केलेला असतो आणि रक्तातलं जादा बायोटिन मधे लुडबुड करतं.

इतकी सूक्ष्म गोष्ट मोजता येऊ लागली ती न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या एका सरकारी रुग्णालयात. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना 1950 च्या दशकात आढळलं की इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. हे कुणाला पटेना, एका नामवंत नियतकालिकानं लेख परत पाठवला. अशाच प्रतिपिंडांना त्यांनी मोजण्याच्या कामाला लावलं आणि पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. बर्सन 1972 मध्ये वारले. यॅलोंना 1977 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानात ते नकाराचं पत्र जगाला दाखवलं. त्या वेळी उजेडाऐवजी किरणोत्सार मोजत. प्रतिपिंडानं रेणू पकडण्याचं तत्त्व आजही तेच आहे.

आकडा आल्यावर गणित होतं. उपाशी इन्सुलिन गुणिले उपाशी साखर, भागिले 405. ऑक्सफर्डमधून 1985 मध्ये आलेल्या या हिशोबातला 405 मला फार दिवस गूढ वाटत होता. निरोगी माणसाचं इन्सुलिन 5 आणि साखर 81 धरली, तर गुणाकार 405, म्हणजे त्याचं उत्तर 1. बस, एवढंच. समजा दोघांची उपाशी साखर 96 आहे, म्हणजे कागदावर दोघंही ठणठणीत. एकाचं इन्सुलिन 5, त्याचं उत्तर 1.2. दुसऱ्याचं 24, त्याचं 5.7. दुसऱ्याचं स्वादुपिंड तीच साखर जागेवर ठेवायला जवळपास पाचपट राबतं आहे. साखरेचा रिपोर्ट हे राबणं लपवतो, इन्सुलिनचा दाखवतो. या तपासणीची भलामण करायची तर एवढ्यासाठीच.

पण तिच्यावर किती विसंबायचं? स्वादुपिंड इन्सुलिन सलग सोडत नाही. दर काही मिनिटांनी एक लाट येते, आणि रक्तातलं निम्मं इन्सुलिन पाच-सहा मिनिटांत नाहीसं होतं. सुई लाटेच्या माथ्यावर टोचली गेली की पायथ्याशी, यावर आकडा हलतो. बाकावर ऐकू येणारं 55 मिनिटांचं शास्त्रही मला पटत नाही. बिस्किट खा की ताट भरून जेवा, 55 मिनिटांत इन्सुलिनचं एकच माप सुटतं, असं लोक खात्रीनं सांगतात. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत साठवणीतलं सुटतं, आणि मग रक्तात साखर जितकी चढेल आणि जितका वेळ टिकेल, तितकं सुटत राहतं. मात्र मधल्या वेळचं चिवडा-बिस्किट बंद केलं की इन्सुलिन खाली येतं आणि ते खाली आल्यावरच चरबीच्या पेशी आपला साठा मोकळा करतात, हे खरं आहे. (मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता असं काही सुरू केलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. लॅबच्या भिंतीवर ही पाटी लावायला हवी.)

मला तर वाटतं, जिचकारांच्या सूत्रातली सगळ्यात पक्की ओळ इन्सुलिनची नाहीच. ती भुकेच्या वेळांची आहे. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी 1999 मध्ये जठरातून निघणारं घ्रेलिन शोधलं. नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते रक्तात चढतं आणि जेवल्यावर उतरतं. वेळ बदलली की काही दिवसांनी त्याचं चढणंही नव्या वेळेला सरकतं. दोन वेळच्या जेवणावर गेलेले लोक सांगतात की पहिले काही दिवस दहा वाजले की जीव कासावीस होतो, मग दहाची आठवणही येत नाही. पण घ्रेलिन इथं कुणी मोजत नाही. नळीत ते फार लवकर बिघडतं, त्याला थंडी आणि आम्ल लागतं, आणि आकडा मिळाला तरी डॉक्टर त्याचं काय करणार?

लेप्टिनचंही तसंच. चरबीच्या पेशी साठा पुरेसा असल्याचा निरोप लेप्टिनमार्फत मेंदूला धाडतात, हे 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला कळलं. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासून 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. पुण्याची बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी होती, पण त्यांच्या नाळेतलं इन्सुलिन जास्त होतं आणि वजनाच्या मानानं लेप्टिनही. म्हणजे बाकावरच्या एखाद्या सडपातळ मास्तरांना इन्सुलिन 20 का येतं, याचा धागा त्यांच्या खाण्यापिण्याच्या आधीपासून सुरू होत असेल. तिसरं जीएलपी-वन, आतड्यातून येणारं, भूक शमवणारं, एक-दोन मिनिटांतच मोडून जाणारं. त्याचं काम आठवडाभर टिकवणारी इंजेक्शनं आली आहेत; मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आलं आणि धंतोलीच्या औषधदुकानांत लोक त्याचा भाव विचारू लागले.

नऊच्या सुमारास दुसरी पाळी सुरू होते. पहिलं रक्त देऊन गेलेले खाऊन दोन तासांनी परततात. सूचना एवढीच असते, की रोज जे खाता तेच खा. तरी रोज तर्री पोह्यावर ताव मारणारा माणूस त्या दिवशी नेमका एक पोळी आणि दोडक्याची भाजी खाऊन येतो, रिपोर्ट चांगला यावा म्हणून. ताई "काय खाल्लं?" विचारतात, उत्तर ऐकून हसतात आणि वेळ लिहून घेतात.

एका सकाळी एक काका दोन कागद घेऊन डॉक्टरांच्या टेबलाशी आले. आठ दिवसांच्या अंतरानं दोन लॅबमध्ये केलेलं इन्सुलिन, एकीकडे 11, दुसरीकडे 16. "यातलं खरं कोणतं?" डॉक्टर म्हणाले, दोन्ही खरी असू शकतात. प्रत्येक कंपनीच्या किटमधले प्रतिपिंड वेगळे, म्हणून इन्सुलिनचे आकडे एका यंत्रावरून दुसऱ्यावर जुळत नाहीत, आणि त्यात लाटांचा चढउतार. तीन महिन्यांनी पुन्हा करायचं असेल तर एकाच लॅबमध्ये, एकाच वेळेला करा.

काका थोडा वेळ दोन्ही कागद पाहत राहिले. "मंग ग्रुपवर कोणतं टाकू?"

"कमीवालं टाका," मागून काकू म्हणाल्या, "आन् घरी चला, मले भूक लागली."